काच, फीत आणि कोल्हापुरी कॅमेरा

आपल्याकडच्या सिनेमाचा जन्म सांगताना 7 जुलै 1896 ही तारीख ठोकून दिली जाते. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या यंत्रातून चित्रं हलली. तारीख बरोबर आहे. पण अंधारात बसून, पांढऱ्या पडद्यावर उजेडाने उमटलेली गोष्ट बघण्याची सवय महाराष्ट्राला त्याआधीच लागलेली होती. 1892 च्या सुमारास कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले होते. मायावी शंबरासुराची आठवण करून देणारं हे भारदस्त नाव ज्याला दिलं, ते यंत्र मात्र विलायती होतं : मॅजिक लँटर्न.

यंत्र तसं साधंच. युरोपात ते 1659 पासून माहीत होतं आणि त्याचं श्रेय डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याला दिलं जातं. पत्र्याची पेटी, आत दिवा, दिव्यापुढे उजेड गोळा करणारं जाड भिंग, त्याच्यापुढे रंगवलेली काच, आणि शेवटी पडद्यावर चित्र पाडणारं दुसरं भिंग. काच उलटी घालायची, म्हणजे पडद्यावर चित्र सुलटं पडतं. सगळी अडचण उजेडाची. रॉकेलचा दिवा दिवाणखान्यापुरता पुरे. शे-दोनशे माणसांपुढे खेळ करायचा तर चुनकळीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत सोडून निघणारा पांढराशुभ्र उजेड लागे. ते दोन वायू भरलेली सामग्री अंधारात, गर्दीच्या शेजारी सांभाळणं हे काम कौशल्याचं होतं आणि जिवावर बेतणारंही होतं.

लँटर्नचं चित्र स्थिर असतं, हा आज सरसकट झालेला गैरसमज. त्या काळच्या खेळवाल्यांकडे चित्र हलवण्याच्या बऱ्याच युक्त्या होत्या. एका काचेवर नाव, दुसरीवर लाटा. एक काच दुसरीवरून सरकवली की नाव डोलू लागे. दोन किंवा तीन कंदील एकमेकांवर बसवून एकाचा उजेड हळूहळू कमी आणि दुसऱ्याचा वाढवत नेला, की दिवसाची रात्र होई. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या ढबी निरनिराळ्या काचांवर रंगवून त्या झरझर बदलल्या, तर हात उचलल्याचा, मान वळल्याचा भास होई. कल्याणच्या खेळांचा लौकिक याच भासामुळे झाला.

विलायतेहून येणाऱ्या तयार काचांवर बायबलातले प्रसंग, परदेशांची दृश्यं, विनोदी व्यंगचित्रं असत. मिशनरी मंडळी त्याच काचा गावोगाव दाखवत. पटवर्धनांनी कंदील परका घेतला. काचा मात्र घरच्या. रामायण-महाभारतातले प्रसंग त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी काचेवर हाताने रंगवले, सर्कशीचीही दृश्यं केली, आणि चित्रांना निवेदन व संगीताची जोड दिली. काचेवर रंगवणं हे कागदावर रंगवण्यासारखं नाही. पडद्यावर चित्र कित्येक पटींनी मोठं होतं. डोळ्याच्या रेषेत केसाएवढी चूक झाली, तर पडद्यावर ती हातभर दिसते. रंगही पारदर्शक हवा, नाहीतर सीतेच्या शालूची नुसती काळी सावली पडायची.

निवेदनाचा भाग मला त्या यंत्राहूनही महत्त्वाचा वाटतो. चित्र दाखवत कथा सांगणं महाराष्ट्राला नवं नव्हतं. चित्रकथी चित्रांची पोथी मांडीवर घेऊन, एकेक पान पुढे करत, वाद्याच्या साथीवर रामकथा सांगत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी ती परंपरा आजवर जपली आहे. पान बदललं की प्रसंग बदलला, आणि दोन पानांमधली फट सांगणाऱ्याच्या तोंडाने भरून निघाली. खरोलिकेत पानाच्या जागी काच आली. प्रेक्षकाला नवा फक्त उजेड होता, बाकी सगळं ओळखीचं.

या खेळाला कल्याण हे गावही सोयीचंच. रेल्वे तिथे 1854 सालीच पोचली होती, आणि तिथूनच एक वाट थळ घाटाकडे, दुसरी बोरघाटाकडे फुटते. काचांच्या पेट्या बैलगाडीच्या दणक्यांत नेण्यापेक्षा रेल्वेच्या डब्यातून नेणं शहाणपणाचं. मुंबईत छायाचित्रणाची विद्याही एव्हाना मुरली होती. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या पाठोपाठ एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचे धडे सुरू झाले. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही नावं त्या पहिल्या पिढीतली. भिंग, रसायन आणि काच हाताळणारी देशी माणसं चाळीस वर्षांत तयार झाली होती. 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ गेला. देवादिकांचे चेहरे घराघरांतल्या भिंतींवर एकसारखे होऊ लागले. चित्रांची भूक वाढत होती.

अशा वेळी ल्युमिएरांचा माणूस, मारियुस सेस्तिए, ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत उतरला. तिकीट एक रुपया. पुढे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पसरले. गाडी येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, भिंत पाडली जाते, लोक समुद्रात डुंबतात. एकेक फीत सतरा मीटरच्या आसपास. पन्नास सेकंदांत खलास. ल्युमिएरांचं सिनेमातोग्राफ हे यंत्र अक्कलहुशारीने बनवलेलं होतं खरं : तीच पेटी चित्रण करी, तीच प्रत काढी, तीच पडद्यावर दाखवी. पण तिच्यात गोष्ट नव्हती. कल्याणच्या काचांपाशी गोष्ट होती, देव होते, गाणं होतं. म्हणून ‘सिनेमा आला आणि कंदील विझला’ असं जे लिहिलं जातं, ते घाईचं आहे. खरोलिकेचे खेळ विसाव्या शतकात शिरूनही चालू राहिले. पंधरा-एक वर्षं तरी जुनं यंत्र कथा सांगण्यात नव्याच्या पुढे होतं.

मुंबईतल्या या नव्या खेळाने भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. सावेदादा म्हणून ते ओळखले जात. फोटोग्राफीचा त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून 21 गिनींना कॅमेरा मागवला. रायली ब्रदर्सचा मूळ धंदा लँटर्न आणि काचा विकण्याचा, हे लक्षात घेतलं की दोन यंत्रांमधलं नातं कळतं; जुन्या दुकानातच नवा माल आला होता. सावेदादांनी हँगिंग गार्डनवर पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती टिपली, माकडवाल्याचा खेळ टिपला. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, त्यांच्या स्वागताचा सोहळा टिपला. 1903 चा दिल्ली दरबारही. फीत धुण्यासाठी मात्र विलायतेला पाठवावी लागे. म्हणजे चित्र इथलं, माणसं इथली, आणि चित्र उमटलं की नाही हे कळायला बोटीच्या दोन फेऱ्या.

त्या वर्षांत फीत म्हणजे नेमकं काय, यावरही जगात एकमत नव्हतं. रुंदी 35 मिलिमीटर, एवढं बऱ्याच जणांना मान्य. पण ल्युमिएरांच्या फितीला प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना एकेक गोल भोक, तर एडिसनच्या फितीला चार-चार. एकाची फीत दुसऱ्याच्या यंत्रात चालेना. 1909 मध्ये पॅरिसला भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेने एडिसनची भोकं प्रमाण मानली आणि भांडण मिटलं. पुढचं शतकभर जगातल्या थिएटरांत बहुतेक तीच भोकं होती. सिनेमाच्या इतिहासात नट-नट्यांची नावं मोजली जातात, भोकं कोणी मोजत नाही. पण फाळक्यांच्या घरात तीच मोजावी लागत होती.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी सिनेमाकडे वळण्याआधी चित्रांशी जोडलेलं जवळजवळ प्रत्येक यंत्र हाताळलं होतं. जे. जे. मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, गोध्र्याला स्टुडिओ, रविवर्म्याच्या छापखान्यात ब्लॉक, मधल्या काळात जादूचे प्रयोगही. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट मुंबईत पाहिल्यावर त्यांच्या मनाने कृष्ण-राम पडद्यावर आणायचं घेतलं, ही कथा सर्वांना माहीत आहे. यंत्राच्या बाजूने ती कमी सांगितली जाते. फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोकं पाडायचं यंत्र घेऊन परतले. कोरी फीत तेव्हा बिनभोकांचीच येई. अंधाऱ्या खोलीत ती भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ 3,700 फुटांचा. एका फुटात 16 चित्रं, एका चित्राला आठ भोकं. हिशेब केला तर एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात भोकं निघतात. यंत्र एका दाबात एकाहून जास्त भोकं पाडत असलं, तरी अंधारात, चाचपडत, एक भोक जरा तिरकं गेलं तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र थडथड उडणार, ही धास्ती सांभाळत ते काम करायचं होतं.

भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी आधी एक छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाण्याचं रोप लावून, ठरावीक वेळाने एकेक चित्र घेऊन त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर आणली. महिनाभराची वाढ क्षणांत. हाच भास कल्याणला काचा झरझर बदलून साधला जात होता. इथे तो फितीने केला.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. सुरतेला गर्दी होईना, तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत गोष्ट, नट वगैरे बाजूला ठेवून फितीचंच माप विकलं : पाऊण इंच रुंद, दोन मैल लांब चित्र, त्यात 57 हजार फोटो, आणि हे सगळं तीन आण्यांत. फुटाला 16 प्रमाणे 3,700 फुटांत 59 हजारांवर चित्रं होतात, म्हणजे 57 हजारांचा आकडा प्रामाणिक आहे. दोन मैल मात्र नाहीत. पाऊण मैलही भरत नाही. जादूगाराने तेवढी सूट घेतली. पण गिऱ्हाईक त्या मापाला भुललं, आणि खेळ चालला.

खरोलिकेला खरा धक्का बसला तो इथे. ल्युमिएरांच्या गाडीने काचांचं काही बिघडवलं नव्हतं. काचांवरचे देव फितीवर गेले, तेव्हा काचांचं प्रयोजन संपलं. पटवर्धनांचा खेळ त्या दशकाच्या अखेरीपर्यंत कसाबसा तगला.

पण फाळक्यांचाही कॅमेरा विलायती. तो उघडून, त्याचं काळीज समजून, दुसरा घडवायचं काम कोल्हापुरात झालं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव, दोघंही नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यावरून ‘पेंटर’ हेच आडनाव झालं. बाबूरावांचे वडील सुतारकाम, शिल्पकाम आणि हस्तिदंती कामात तरबेज होते. असल्या घरात यंत्र उघडायला कोणी घाबरत नाही. या दोघांनी जुना प्रोजेक्टर मिळवला, कोल्हापुरात सिनेमाचे खेळ केले, आणि आपणच चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, या विचाराने त्या यंत्राची उकल सुरू केली. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी काम पुढे रेटलं आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा चालता केला.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात अवघड काय, हे कळल्याशिवाय त्या कामगिरीची किंमत कळत नाही. फीत सरळ वाहून चालत नाही. एका नखाने ती भोकात पकडून खाली ओढायची, भिंगासमोर पुरती स्थिर करायची, पडदी उघडून उजेड घ्यायचा, पडदी मिटायची आणि पुन्हा ओढायची. हे सगळं हँडलच्या फिरण्यावर, सेकंदाला सोळा वेळा. नख केसभर सैल असलं तर चित्र नाचतं, घट्ट असलं तर फीत फाटते. पडदी उशिरा मिटली तर चेहऱ्यांना शेपट्या फुटतात. हे दातेरी चक्रांचं गणित कोल्हापुरात लेथवर आणि कानशीने जमवलं गेलं. सगळ्यांना घड्याळ उघडता येतं, पण ते पुन्हा चालवणारा एखादाच, तशातली ही गोष्ट.

त्या कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. कीचकवधाचं दृश्य इतकं हुबेहूब वठलं की सेन्सॉरने ते कापायला लावलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी याच कंपनीत घडली, आणि 1929 मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ काढली.

‘सैरंध्री’ ही कथा प्रभातने पुन्हा घेतली, 1933 साली, आणि या वेळी रंगीत करायची ठरवली. दोन फिती एकमेकींना चिकटवून कॅमेऱ्यातून पळवायच्या, एकीवर निळसर बाजूचा उजेड टिपायचा, दुसरीवर तांबूस बाजूचा, आणि मग दोहोंच्या रंगीत छपाईतून एक चित्र काढायचं, अशी ती पद्धत होती. आज ती पूर्ण मेलेली आहे. छपाई जर्मनीत करावी लागली. शांताराम स्वतः तिकडे गेले. रंग बसले नाहीत. चित्रण इथल्या हातांत होतं, रसायन परक्या प्रयोगशाळेत. तिथे काय बिघडलं हे उघडून बघायला इथल्या कारागिराला वाव नव्हता. एकच कथा, तेरा वर्षांचं अंतर. गावठी कॅमेऱ्यावर ती जमली आणि उत्तम विलायती रसायनात फसली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सिनेमाच्या यंत्रांचा सगळा इतिहास या दोन ‘सैरंध्रीं’च्या मधे आहे.

छोट्या फिती आल्या त्या घरापुरत्या. फ्रान्सच्या पाथे कंपनीने 1922 मध्ये साडेनऊ मिलिमीटरची फीत काढली. तिची भोकं कडेला नव्हती, मधोमध, दोन चित्रांच्या मधल्या जागेत. वर्षभरात कोडॅकने 16 मिलिमीटर आणली, तीही सहजासहजी न पेटणाऱ्या फितीवर. हौशी लोकांसाठी निघालेली ही 16 मिलिमीटरची फीत आपल्याकडे वेगळ्याच कामी आली. सरकारी प्रसिद्धीच्या गाड्या ती घेऊन खेड्यापाड्यांत फिरल्या आणि शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या चादरीवर कुटुंबनियोजन आणि संकरित बियाणं दिसू लागलं.

मोठी फीत गावात नेली ती टुरिंग टॉकीजने. मारेगावसारखं तालुक्याचं गाव घ्या. वणी आणि करंजी यांच्या मधलं, कापसाच्या मुलखातलं, रेल्वेच्या रुळांपासून बाजूला पडलेलं. अशा गावांना सिनेमा जत्रेबरोबर यायचा, कापूस विकून हातात पैसा खेळायच्या हंगामात यायचा. ट्रकवर बसवलेला प्रोजेक्टर, जनरेटर, कनात, बाया आणि पुरुष यांच्यामधे ताणलेला दोर. प्रोजेक्टरच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या; त्यांच्या टोकांमधे ठिणगीचा झोत. कांड्या जळून आखूड होत, तशा ऑपरेटरने त्या हाताने पुढे सारायच्या. डुलकी लागली की पडदा पिवळा पडायचा आणि तंबूत शिट्ट्या सुरू. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. शहरांत झिजून झालेल्या प्रती इथे येत, त्यामुळे तुटलेली फीत खरवडून सिमेंट लावून जोडणं हे ऑपरेटरचं रोजचं काम. प्रत्येक जोडाला दोन-चार चित्रं कमी होत. हंगामाच्या शेवटच्या गावाने पाहिलेला सिनेमा पहिल्या गावाच्या सिनेमापेक्षा थोडा आखूडच असायचा.

या सगळ्यातलं उरलं काय? मूकपटांच्या काळात देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यातले तीसही धड राहिले नाहीत. बाबूरावांचा 1920 चा ‘सैरंध्री’ गेला. त्या काळची फीत नायट्रेटची; तिच्यात चांदी असते म्हणून ती भंगारात गेली, आणि ती नुसत्या उष्णतेनेही पेट घेते म्हणून उरलेली जळाली; जानेवारी 2003 मध्ये पुण्याला, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली. पटवर्धनांच्या रंगवलेल्या काचांपैकी काही मात्र टिकून आहेत. काच फुटते, पण पेटत नाही.

35 मिलिमीटरची फीत थिएटरांतून गेली ती 2010 नंतरच्या दोन-चार वर्षांत. टुरिंग टॉकीजवाल्यांनाही डिजिटल प्रोजेक्टर घ्यावा लागला. महाराष्ट्रातल्या या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. आयुष्यभर इतरांची यंत्रं उघडून झाल्यावर त्याने तेलात फिरणारी चक्रं बसवून स्वतःचा प्रोजेक्टर बनवला होता. यंत्र उत्तम चालतं. तो गिऱ्हाइकाला ते दाखवण्याइतका तयार झाला, तोवर चालवायला फीत येणं बंद झालं होतं.